डेप्थमॅपएक्स: जुन्या पेठांसाठी कितपत कामाचं?

जुन्या शहराचा मध्यभाग सुधारायचा म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट फरसबंदी, दगडी बाकं आणि जुन्या धाटणीचे दिवे इथे येऊन थांबते. माणसं मुळात कुठल्या गल्लीतून जातात, मोक्याचा असूनही कुठला बोळ ओस पडलाय, हे तपासायचं राहूनच जातं. डेप्थमॅपएक्स हे सॉफ्टवेअर त्याच तपासणीसाठी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन यांनी रुजवलेल्या ‘स्पेस सिंटॅक्स’ या विचारावर, म्हणजे जागांची मांडणी आणि माणसांची ये-जा यांचा संबंध तपासण्याच्या रीतीवर, ते उभं आहे. मूळ डेप्थमॅप अ‍ॅलास्डेअर टर्नर यांनी लिहिलं. २०११ मध्ये ते गेल्यावर तासोस वारूदिस यांनी काम पुढे नेलं. पैसे लागत नाहीत, कोड खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. खालचं सगळं पुण्याच्या पेठा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण अशा सॉफ्टवेअरची खरी परीक्षा कसबा पेठेसारख्या ठिकाणीच होते. चंदीगडचा चौकटी नकाशा कुणीही सोडवेल.

आधी ते करतं काय ते बघू. रस्त्यांच्या जाळ्याचे चौक ते चौक असे तुकडे करायचे. मग प्रत्येक तुकड्यासाठी दोन मुख्य आकडे निघतात. इंटिग्रेशन म्हणजे बाकीच्या जाळ्यातून तिथे पोचणं किती सोपं आहे. चॉइस म्हणजे इतर कुठल्याही दोन ठिकाणांमधल्या वाटेत तो तुकडा किती वेळा येतो. अंतर मोजलं जातं ते वळणांच्या कोनांत. अनोळखी माणूस मीटर मोजत नाही, तो कमी वळणांची वाट धरतो, असं यामागचं गृहीतक, आणि पेठेत पत्ता विचारणाऱ्याला आपण ज्या तऱ्हेने ‘सरळ जा, मग उजवीकडे’ सांगतो ते पाहता ते पटण्यासारखं आहे. हिशेब किती परिघात करायचा ते मात्र मीटरमध्ये द्यायचं: ४००, ८००, १२०० हे चालण्याचे परीघ, २००० आणि पुढचे दुचाकी-रिक्षाचे, आणि ‘एन’ म्हणजे अख्खा नकाशा.

नकाशात मोठा आकडा लाल म्हणजे ‘गरम’ दिसतो, लहान आकडा निळा म्हणजे ‘थंड’. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता लाल रंगात येणार हे सांगायला संगणक लागत नाही. कामाची गोष्ट त्याखालच्या पायरीवर असते. ४०० मीटरला गरम दिसणारी आणि २००० ला थंड पडणारी गल्ली म्हणजे आळीतल्या लोकांची रोजची वाट. तिथे वाणी, गिरणी, इस्त्रीवाला चालतो, कापडाचं मोठं दुकान चालत नाही. दोन्हीकडे गरम असेल तर तिथे बाहेरचा आणि घरचा माणूस एकत्र येतो. जुन्या बाजारपेठा बहुधा अशाच जागी उभ्या राहतात. आणि दोन्हीकडे गरम असूनही बंद शटर आणि उभ्या गाड्यांच्या रांगा दिसत असतील, तर पैसे आधी तिथे लावावेत. हा विसंवाद शोधून देणं हा या हत्याराचा सगळ्यात मोठा गुण.

आता अडचणी. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, नकाशाची आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून रस्ते फुकट मिळतात (क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या क्विकओएसएम प्लगइनने हवा तेवढाच तुकडा उतरवता येतो), पण ते रस्ते बहुतांशी गाडीवाल्याच्या नजरेने काढलेले असतात. पेठेत माणूस चालतो ते बोळांतून, वाड्यांच्या आरपार जाणाऱ्या वाटांतून, तुळशीबागेसारख्या देवळाच्या आवारातून. या वाटा नकाशात नसतील तर मंडई आणि लक्ष्मी रस्ता यांच्यामधला सगळा भाग खोटा निघतो: सॉफ्टवेअर माणसांना लांबून वळसा घालायला लावतं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांना नसलेलं महत्त्व देतं. म्हणून उतरवलेला नकाशा छापून पायी फिरणं अटळ आहे. प्रत्येक आरपार वाटेपुढे दोन गोष्टी टिपाव्यात: दिवसा खुली की रात्रीही खुली, आणि सार्वजनिक की मालकाच्या मर्जीवर. दिंडी दरवाजा रात्री बंद होत असेल तर ती रेघ वेगळ्या रकान्यात खूण करून ठेवायची आणि विश्लेषण दोनदा करायचं. संध्याकाळी सातनंतर एखादी आळी अचानक सुनी का होते, याचं उत्तर अनेकदा या फरकातच सापडतं.

नदीचंही तसंच. पेठांना पलीकडच्या डेक्कनशी जोडणाऱ्या पुलांपैकी भिडे पूल पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडतो. तो धरून एक आणि वगळून एक, असे दोन नकाशे केले की नारायण आणि शनिवार पेठेच्या काठावरचं चित्र किती हलतं ते कळतं. एकच नकाशा करून वर्षभराचा निष्कर्ष काढणारे अहवाल बाजूला ठेवावेत.

नकाशा किती मोठा घ्यायचा? कसब्याचा अभ्यास म्हणून फक्त कसब्याच्या हद्दीत रेघा कापल्या की काठावरचे रस्ते थंड आणि मधले गरम दिसू लागतात; हे निव्वळ कापण्यामुळे होतं. ठोकताळा सोपा आहे: सर्वांत मोठा परीघ २००० मीटर असेल तर अभ्यासाच्या हद्दीबाहेर चारी बाजूंना किमान तेवढाच पट्टा घ्यायचा. पेठांच्या बाबतीत यात डेक्कन, शिवाजीनगर, स्वारगेट आणि कॅम्पाचा बराचसा भाग येतो. बाहेरचा पट्टा हिशेबासाठीच, अहवालातल्या चित्रात तो फिका दाखवावा.

मग प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत. अक्षांश-रेखांशात असलेला नकाशा तसाच आत घेतला तर डेप्थमॅपएक्स कुरकुर करत नाही, चूक झाल्याची सूचना देत नाही, मुकाट्याने आकडे काढतं. फक्त ४००, ८०० आणि ‘एन’ या तिन्ही रकान्यांत तेच आकडे येतात, कारण त्याच्या लेखी अख्खं पुणे अर्ध्या एककाइतकंही नसतं. पुण्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा विभाग ४३ उत्तर (सॉफ्टवेअरमधला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३), यात नकाशा बदलून घ्यावा. मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि पणजी यांनाही हाच विभाग लागू पडतो; नागपूरला ४४.

रेघांची साफसफाई हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तिथेच घाई होते. थेट रस्त्यांच्या मध्यरेषांवरून ‘सेगमेंट मॅप’ केला तर डेप्थमॅपएक्स रेघा टोकाला टोक भिडलेलं असेल तरच जोडतं. एक रेघ दुसरीच्या मधून गेली असेल तर त्याच्या दृष्टीने त्या दोघींची ओळखच नाही. त्यामुळे चौकाचौकात रेघा आधी तोडून घ्याव्या लागतात. पण सरसकट तोडलं की लकडी पुलाखालून जाणारा नदीपात्रातला रस्ताही वरच्या पुलाला जोडला जातो आणि कागदावर माणसं पुलावरून नदीत उतरू लागतात. अशा प्रत्येक जागी एक बिंदू ठेवून ‘इथे जोडू नको’ असं सांगावं लागतं. या बिंदूंना अनलिंक म्हणतात. दुभाजकाच्या रस्त्याच्या दोन रेघा एक कराव्यात, नाहीतर त्याचा चॉइस दोन्हींत वाटला जाऊन रस्ता आहे त्यापेक्षा दुबळा दिसतो. हाताने काढलेल्या थरथरत्या रेघा एक-दोन मीटरच्या मर्यादेत सरळ कराव्यात. कारण उघड आहे: कोन मोजायचे असतील तर प्रत्येक नागमोडी थरथर म्हणजे फुकटची वळणं.

हे सगळं जमलंय का, याची एक झटपट तपासणी आहे आणि ती कुठल्याच चकचकीत प्रशिक्षणात ठळकपणे सांगितलेली दिसत नाही. ‘एन’ परिघाचा नोड काउंट, म्हणजे त्या रेघेपासून किती रेघांपर्यंत पोचता येतं, हा रकाना उघडावा. जाळं अखंड असेल तर प्रत्येक रेघेपुढे तोच आकडा हवा. कुठे १२, कुठे ४० असे सुटे आकडे दिसले तर तेवढ्या रेघांची बेटं तुटून पडली आहेत. आधी ती जोडा, मगच पुढचं बघा.

प्रत्यक्ष चालवणं मग अवघड नाही. क्यूजीआयएसमधून डीएक्सएफ किंवा एमआयएफ फाइल काढायची, नव्या ग्राफ फाइलमध्ये आयात करायची, ‘कन्व्हर्ट ड्रॉइंग मॅप’मधून सेगमेंट मॅप निवडायचा. टूल्समधल्या सेगमेंट या यादीत अँग्युलर विश्लेषण आहे. त्यात ट्यूलिपचे (कोन किती बारकाईने मोजायचे ते ठरवणारे) १०२४ कप्पे ठेवावेत, चॉइसपुढे खूण करावी, परीघ मेट्रिक निवडून ‘एन, ४००, ८००, १२००, २०००’ असे एकाच वेळी द्यावेत आणि लांबीचं वजनही घ्यावं. वजन न घेतल्यास छोट्या तुकड्यांचा भाग उगाच भाव खातो, आणि पेठेत तुकडे छोटेच असतात. काही हजार रेघांचं काम साध्या लॅपटॉपवर होऊन जातं. मधे मधे फाइल जतन करत राहावी. पूर्ववत करण्याची सोय इतकी तुटपुंजी आहे की तिच्यावर विसंबू नये.

कच्च्या चॉइसचे आकडे एका शहराचे दुसऱ्याशी ताडता येत नाहीत, कारण जाळं मोठं तसे ते फुगतात. त्यासाठी सुधारित आकडा वापरतात, बोलीत त्याला ‘नॅच’ म्हणतात: चॉइसमध्ये एक मिळवून त्याचा लॉग, भागिले टोटल डेप्थमध्ये (त्या तुकड्यापासून बाकी सगळ्या तुकड्यांपर्यंतच्या कोनी अंतरांच्या बेरजेत) तीन मिळवून त्याचा लॉग. डेप्थमॅपएक्समध्ये नवा रकाना घालून हे सूत्र स्वतःच लिहावं लागतं, तयार बटण नाही. २०१२ पासून रूढ असलेल्या गोष्टीसाठी वापरणाऱ्याला सूत्र टंकायला लावणं हा शुद्ध आळस आहे. साधारण १.४ च्या पुढचे तुकडे म्हणजे शहराचा कणा, असा ढोबळ संकेत चालतो. पण पेठांत त्याच्या जरा खालचे तुकडे जास्त बोलके असतात.

अशा गैरसोयींमुळेच रोजच्या कामाला डेप्थमॅपएक्स एकटं वापरू नये. क्यूजीआयएसमध्ये ‘स्पेस सिंटॅक्स टूलकिट’ नावाचं प्लगइन आहे, तेही युनिव्हर्सिटी कॉलेजच्याच प्रयोगशाळेचं. ते नकाशातले तुटके, दुहेरी, अनाथ रेघांचे दोष शोधून देतं, रस्ते साफ करण्याचं हत्यार त्यात आहे, आणि डेप्थमॅपएक्सच्या नेट आवृत्तीशी जोडून विश्लेषण क्यूजीआयएसमध्ये बसल्या बसल्या करता येतं. दुकानांची दारं, इमारतींच्या दर्शनी बाजू, तळमजल्याचा वापर हे नोंदवायची सोयही त्यातच आहे, आणि पेठेसाठी ती सोन्याची आहे. तक्रार एकच: क्यूजीआयएसची आवृत्ती बदलली की हे दोन्ही एकमेकांशी अबोला धरतात. प्रकल्प चालू असताना क्यूजीआयएस अद्ययावत करायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. हा व्यापच नको असेल तर स्वीडनमधून आलेलं ‘प्लेस सिंटॅक्स टूल’ आहे. तेही क्यूजीआयएसमध्ये बसतं आणि त्याला डेप्थमॅपएक्स लागत नाही. मेट्रोसारख्या प्रश्नाला तेच बरं. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं सुरू झाली. त्यांची जमिनीवरची दारं बिंदू म्हणून टाकली की कुठल्या बोळातून स्थानक किती वळणांवर आहे ते प्रत्येक घराच्या दारापर्यंत काढता येतं. यात दारं मोजायची, स्थानकाचा मधला बिंदू नाही. भुयारी स्थानकाचा मध्य जिथे असतो तिथून माणूस बाहेर पडत नाही.

चौक आणि मोकळ्या जागांसाठी डेप्थमॅपएक्समध्ये दृश्यमानतेचं वेगळं विश्लेषण आहे. मंडईसमोरचा चौक किंवा शनिवारवाड्यापुढची जागा घ्या. जागेवर चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकटीतून किती भाग दिसतो ते काढायचं. एवढ्या जागेला एक मीटरची चौकट पुरते. अर्ध्या मीटरवर गेलात की चौकटी चौपट होतात आणि लॅपटॉप घरघरू लागतो. बाहेरची सीमारेषा कुठे बोटभर जरी उघडी राहिली तरी भरलेला रंग बाहेर सांडतो आणि अख्खं पुणे चौक होतं. तेव्हा आधी बहुकोन बंद झालाय का ते मोठं करून पाहावं.

इथे एक बारकावा फार कामाचा. हे विश्लेषण दोन पातळ्यांवर करायचं असतं: डोळ्याच्या आणि गुडघ्याच्या. डोळ्याच्या पातळीवर रांगेने लावलेल्या दुचाक्या अडथळा नसतात, त्यांच्यावरून पलीकडचं दिसतं. गुडघ्याच्या पातळीवर तीच रांग भिंत होते. दिसतंय पण जाता येत नाही असा पट्टा या दोन नकाशांची तुलना केली की लगेच उठून दिसतो. पथारीवाल्यांच्या बाबतीत उलटं: ताडपत्री डोळ्याच्या पातळीवर आडवी येते, खालून मात्र वाट असते. पुष्कळ चौकांत पथारी हलवण्याआधी दुचाक्यांची एक ओळ हलवून पाहावी, असंच हा नकाशा सुचवतो. पालिकेत क्रम सहसा उलटा असतो.

लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात अशाच अभ्यासावरून नॅशनल गॅलरीसमोरचा रस्ता वाहनांना बंद झाला आणि मधोमध रुंद पायऱ्या आल्या. २००३ मध्ये ते काम पुरं झालं. लोक चौकाच्या मधून न जाता कडेकडेने जायचे, हे आधी मोजून दाखवलेलं होतं. पायऱ्या कुठे काढायच्या ते त्यावरून ठरलं. आपल्याकडे सादरीकरणात हा दाखला हमखास येतो, पण त्यातला मोजणीचा भाग गळतो.

मोजणीशिवाय हे सॉफ्टवेअर रंगीत चित्रं काढणारं यंत्र आहे, एवढंच. मोजणीची रीत साधी: गल्लीवर एक काल्पनिक रेघ धरायची आणि पाच मिनिटांत ती ओलांडणारे सगळे मोजायचे, दोन्ही दिशांचे. बारा पट केली की ताशी आकडा. मोजायच्या जागा गरम, कोमट आणि थंड अशा तिन्ही जातींच्या घ्याव्यात. फक्त गर्दीच्या जागी मोजलं तर संबंध दिसतच नाही. दिवसातून चार-पाच वेळा, कामाच्या एका आणि सुट्टीच्या एका दिवशी. गणपती, दिवाळी आणि बाजाराची साप्ताहिक सुट्टी टाळावी. दुपारी एक ते चारची मोजणी मात्र जरूर घ्यावी, पुण्यात तो वेगळाच ऋतू असतो. मोजलेल्या आकड्यांचा लॉग घेऊन ८०० किंवा १२०० मीटरच्या आकड्यांशी ताडावा. ज्या परिघाशी सर्वांत चांगला मेळ बसतो तो त्या भागाचा खरा परीघ. मेळ बसत नसेल तर बहुधा एखादा बोळ राहिलाय, किंवा तिथे मंडईसारखं स्वतःच माणसं ओढणारं ठिकाण आहे आणि जाळं त्याचं श्रेय घेऊ शकत नाही.

काय दिसत नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. एकेरी रस्ता या हिशेबात नाही. बाजीराव रस्ता उत्तरेकडे आणि शिवाजी रस्ता दक्षिणेकडे वाहतो, हे त्याला ठाऊक नाही. पायी चालणाऱ्यासाठी हरकत नाही. वाहनांबद्दल मात्र या नकाशावरून बोलू नये. चढ-उतार नाही. पेठा सपाट म्हणून निभावतं, पण पणजीत फोंतेइन्याशमधून अल्तिनोच्या टेकडीकडे चढणाऱ्या पायऱ्यांना हे सॉफ्टवेअर सपाट रस्ता समजेल. पदपथाची रुंदी नाही, सावली नाही, अंधार नाही. बाईमाणसाला रात्री नकोशी वाटणारी गल्ली इथे लालभडक दिसू शकते.

‘समजा’ या प्रकारात मात्र याचा हात धरणारं स्वस्तात दुसरं काही नाही. लक्ष्मी रस्ता कायम पादचाऱ्यांचा करायचा झाला तर? पालिका ११ डिसेंबरला तिथला एक टप्पा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करते. पण एका दिवसात लोकांच्या वाटा बदलत नाहीत, त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. नकाशात तो टप्पा काढून टाकला तर केळकर आणि कुमठेकर रस्त्यांचा चॉइस किती वाढतो, हे तासाभरात कळतं. हा वाहनांचा अंदाज नव्हे, ताण कुठे सरकेल याचा कल आहे. तसंच बंद पडलेला बोळ उघडला तर काय, हेही पाहता येतं. आणि इथे जरा सबुरी हवी. प्रत्येक थंड गल्ली गरम करायचं वेड या सॉफ्टवेअरमुळे लागू शकतं. तांबट आळीसारख्या जागी दिवसभर ठोकाठोक चालते; बाजाराची भाडी आणि वर्दळ तिथपर्यंत पोचली तर कारागीर आधी उठतील, कॉफीची दुकानं नंतर येतील. थंड असणं हा काही गल्ल्यांचा गुण आहे, तो नकाशात निळा दिसतो म्हणून दोष ठरत नाही.

कुणी घ्यावं? वास्तुरचनेचे आणि नियोजनाचे विद्यार्थी, प्रभागात काम करणाऱ्या संस्था, छोटे सल्लागार यांनी डोळे झाकून. पहिलाच प्रयत्न असेल तर सुरुवात एका पेठेपासून, पण पट्टा धरूनच. सदाशिव पेठ सोपी जाते, गल्ल्या बऱ्यापैकी सरळ आहेत. कसबा दुसऱ्या खेपेला. ज्यांना एक बटण दाबून अहवाल हवाय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. किमतीला पाचपैकी पाच, हिशेबाला साडेचार, वापरायच्या सोयीला दोन.

आणि चित्र काढायचं ते डेप्थमॅपएक्समधून नको. त्याचे लाल-निळे रंग काळ्या पडद्यावर छान दिसतात, कागदावर छापले की मधल्या छटा एकमेकांत मिसळतात. आकडे एमआयएफमध्ये बाहेर काढून क्यूजीआयएसमध्ये पाचच छटा ठेवाव्यात, रेघेची जाडीही आकड्यानुसार बदलावी, आणि नकाशावर चौकांची, देवळांची, तालमींची, हौदांची नावं ठळक घालावीत. वॉर्ड ऑफिसात नकाशा टेबलावर पसरला की लोक आधी आपला चौक शोधतात. तो सापडला तरच पुढे ‘अहो, हा बोळ कधीच बंद झाला’ असं कुणीतरी सांगतं, आणि तेवढ्यावरून नकाशा पुन्हा चालवावा लागतो.